पट्टावाहकाचा अभिकल्प : ताण आणि घर्षण यांचा विचार

कोळसा, लोहखनिज, चुनखडी, मीठ, धान्य इत्यादी सुटा माल एका जागेवरून दुसऱ्या जागी अखंड वाहून नेण्याची जी यांत्रिक साधने आहेत, त्यांत बेल्ट कन्व्हेयर म्हणजेच पट्टावाहक हे दिसावयास सर्वांत साधे आहे. दोन पुलींभोवती फिरणारा एक अखंड पट्टा, त्याला खालून आधार देणारे रोलर, आणि एका पुलीला गिअरबॉक्समधून जोडलेली मोटार, एवढ्यात त्याचे वर्णन संपते. या साधेपणामुळे विद्यार्थ्याचा सहजच असा ग्रह होतो की, माल किती न्यावयाचा आणि किती उंच चढवावयाचा हे कळले म्हणजे मोटारीची शक्ती निघते, आणि मोटारीची शक्ती निघाली म्हणजे अभिकल्पाचे मुख्य काम संपले. हा ग्रह दूर करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. शक्ती काढणे हा या अभिकल्पातील सोपा भाग होय. ती शक्ती पट्ट्यापर्यंत केवळ घर्षणाच्या द्वारे पोहोचते. दातेरी चाकांची किंवा साखळीची पक्की पकड तेथे नसते. हे घर्षण पुरेसे राहावे म्हणून पट्ट्यात ताण ठेवावा लागतो, आणि तो ताण कोठे किती असावा हे ठरविणे यातच अभियंत्याची खरी कसोटी लागते.

येथील चूक हिशेबाच्या कागदापुरती राहत नाही. २६ सप्टेंबर १९५० रोजी इंग्लंडमधील डर्बीशर परगण्यात क्रेसवेल येथील कोळशाच्या खाणीत भूमीखाली आग लागून ८० माणसे मृत्युमुखी पडली. त्या आगीचा उगम एका पट्टावाहकावर, अस्थानी उत्पन्न झालेल्या घर्षणात होता. जे घर्षण पट्टा चालविते तेच चुकीच्या जागी पट्टा पेटविते, ही गोष्ट मनात ठेवून पुढील विवेचन वाचावे. या घटनेकडे आपण लेखाच्या शेवटी पुन्हा वळणार आहोत.

पूर्वपीठिका

धान्य वाहण्यासाठी सपाट पट्ट्यांचा उपयोग एकोणिसाव्या शतकात रूढ झालेला होता. परंतु खनिजासारखा जड व टोकदार माल त्यांवर टिकत नसे. १८९० नंतरच्या दशकात अमेरिकेतील टॉमस रॉबिन्स यांनी एडिसन यांच्या न्यू जर्सीमधील लोहखनिजाच्या कारखान्यासाठी पट्ट्यांचा अभ्यास केला. खनिजाच्या आघाताने कापडी पट्टा लवकर झिजतो, पण त्यावर रबराचा जाड थर दिला असता तो कितीतरी अधिक टिकतो, असे त्यांना आढळून आले. १९०० सालच्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनात त्यांच्या वाहकास सर्वोच्च पारितोषिक मिळाले. आजचा पट्टा मूलतः त्याच कल्पनेवर उभा आहे : मधला गाभा ताण सहन करतो, आणि वरखालचे रबर त्या गाभ्याचे रक्षण करते. गाभा पूर्वी सुती कापडाचा असे. आज तो पॉलिएस्टर व नायलॉन यांच्या विणीचा, किंवा लांब अंतरासाठी पोलादी दोरांचा असतो.

या साधनाची पोच आता फार वाढलेली आहे. पश्चिम सहारातील बू क्रा येथील फॉस्फेट समुद्रकिनाऱ्यापर्यंत नेणारी पट्टावाहकांची मालिका सुमारे ९८ किलोमीटर लांब आहे. मेघालयातील खासी टेकड्यांतून चुनखडी थेट बांगलादेशातील छातक येथील सिमेंटच्या कारखान्यात नेणारा वाहक सुमारे १७ किलोमीटर लांबीचा असून, त्यांपैकी सुमारे ७ किलोमीटर भारतात आणि १० किलोमीटर बांगलादेशात आहेत. आपल्याकडे चंद्रपूर, कोराडी, परळी, पारस यांसारख्या औष्णिक विद्युत्केंद्रांत कोळसा वाघिणींतून उतरल्यापासून बॉयलरच्या बंकरपर्यंतचा त्याचा प्रवास मुख्यतः पट्ट्यांवरच होतो. ५०० मेगावॉटचा एक संच पूर्ण भारावर चालत असता भारतीय कोळसा ताशी साधारणपणे सव्वातीनशे ते साडेतीनशे टन लागतो. म्हणजे ताशी १००० टन वाहणारा एक पट्टा अशा तीन संचांची गरज जेमतेम भागवील. तो बंद पडला तर बंकरमध्ये जेवढा साठा असेल तेवढ्याच अवधीपर्यंत वीज निर्माण होत राहते.

विवेचनाच्या सोयीसाठी आपण असाच एक वाहक कल्पू. कोळसा ताशी १००० टन, अंतर ८०० मीटर, चढ ४० मीटर. हे आकडे कोणा एका केंद्राचे नाहीत. परंतु अशा केंद्रांत ते अपरिचित वाटणार नाहीत.

माल, रुंदी आणि वेग

अभिकल्पाचा आरंभ यंत्रापासून न करता मालापासून करावा लागतो. मालाची राशिघनता, सर्वांत मोठ्या ढेकळाचा आकार, ओलेपणा, टोकदारपणा आणि चालत्या पट्ट्यावर मालाचा ढीग कडेशी जो कोन करतो तो कोन, एवढ्या गोष्टी प्रथम माहीत हव्यात. स्थिर जमिनीवर पडलेल्या ढिगाचा विश्रामकोन पुष्कळ पुस्तकांतून दिलेला असतो. परंतु चालता पट्टा प्रत्येक रोलरवर किंचित हादरतो व ढीग खाली बसतो. त्यामुळे पट्ट्यावरील कोन विश्रामकोनाहून बराच लहान, बहुधा १० ते १५ अंशांनी कमी, धरावा लागतो.

कोळशाच्या घनतेविषयी एक व्यावहारिक संकेत ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पट्ट्यावर किती माल मावेल हे पाहताना घनता कमी, म्हणजे घनमीटरला सुमारे ०·८ टन धरतात. पण मोटार व पट्ट्याची ताकद तपासताना ती अधिक, सुमारे १ टन धरतात. वर्षाऋतूत भिजलेला कोळसा जड होतो. उन्हाळ्यातला कोरडा कोळसा अधिक जागा व्यापतो. एकच आकडा दोन्ही हिशेबांत वापरणारा अभियंता त्यांपैकी एका हिशेबात निश्चित फसतो. पुढील गणितात वाहकाला ताशी १००० टनांहून अधिक माल मिळणार नाही असा निर्बंध फीडरवर घातलेला आहे, असे समजू.

तीन रोलरांच्या संचावर पट्टा ठेवला म्हणजे त्याला पन्हळीचा आकार येतो. बाजूचे रोलर ३५ अंशांनी उचललेले आणि मालाचा वरचा कोन १५ अंश असे धरले, तर १२०० मिलिमीटर रुंद पट्ट्यावर मालाचा काटछेद सुमारे ०·१५ चौरस मीटर भरतो. सेकंदास २·५ मीटर वेगाने हा पट्टा ताशी सुमारे १०९० टन कोळसा नेऊ शकेल. आपल्या गरजेहून थोडी सवड राहते, आणि ती हवीच. पट्टा कडेपर्यंत भरला तर मोठी ढेकळे खाली सांडतात, आणि सांडलेला कोळसा परतीच्या रोलरांखाली साचून त्यांस अडवितो. १००० मिलिमीटरचा पट्टा घेतल्यास काटछेद सुमारे ०·१०३ चौरस मीटरच मिळतो, आणि तेवढाच माल नेण्यास वेग सेकंदास ३·४ मीटरच्या आसपास न्यावा लागतो. पट्टा स्वस्त होतो, पण मालबदलाच्या जागी धूळ, आघात व झीज वाढतात. रुंदी व वेग यांतील ही निवड केवळ किमतीची नाही. ढेकळाचा आकार आणि धुळीचा उपद्रव यांचाही तीत वाटा असतो.

विरोध आणि शक्ती

पट्टा १२०० मिलिमीटर व वेग २·५ मीटर असे ठरले, तर पट्ट्याच्या प्रत्येक मीटरवर १११ किलोग्रॅम कोळसा असेल. पट्ट्याचे स्वतःचे वजन मीटरला १८ किलोग्रॅम, आणि फिरणाऱ्या रोलरांचे वजन दोन्ही बाजूंचे मिळून मीटरला २५ किलोग्रॅम धरू.

चालताना जे विरोध होतात त्यांचे तीन भाग पाडता येतात. पहिला, संपूर्ण लांबीवर पसरलेला चालन-विरोध. यात रोलरांच्या बेअरिंगमधील घर्षण येतेच. पण त्याहून मोठा भाग रबराचा असतो. भारलेला पट्टा रोलरवरून जाताना त्याचे खालचे रबर दबते, आणि दबलेले रबर पूर्ववत् होताना घेतलेली सर्व ऊर्जा परत देत नाही. लांब व सपाट वाहकांत चालन-विरोधाचा अर्ध्याहून अधिक भाग या एकाच कारणाने होतो, आणि म्हणूनच अलीकडे खालच्या थराच्या रबराची जात बदलून वीज वाचविण्याचे प्रयत्न होत आहेत. दुसरा विरोध माल उंच उचलण्याचा. तिसरा, स्कर्ट, स्क्रेपर यांसारख्या ठिकठिकाणच्या साधनांचा.

आंतरराष्ट्रीय मानक ५०४८, जर्मन मानक २२१०१ व भारतीय मानक ११५९२ यांतून रूढ असलेल्या पद्धतीने चालन-विरोधाचा गुणांक ०·०२, आणि टोकांच्या किरकोळ विरोधांसाठी ८०० मीटर लांबीस १·१२ हा गुणक घेतला, तर चालन-विरोध सुमारे ३०·२ किलोन्यूटन निघतो. ४० मीटर चढासाठी ४३·६ किलोन्यूटन लागतात. स्कर्ट इत्यादींसाठी ३ किलोन्यूटन धरले म्हणजे एकूण ओढ सुमारे ७७ किलोन्यूटन होते. तिला वेगाने गुणले असता चालक पुलीवर सुमारे १९३ किलोवॉट, आणि गिअरबॉक्स इत्यादींची कार्यक्षमता ०·९२ धरल्यास मोटारीवर सुमारे २१० किलोवॉट शक्ती लागते. बाजारात मिळणारी २५० किलोवॉटची मोटार येथे योग्य ठरेल.

०·०२ हा गुणांक निसर्गनियम नव्हे. रोलर नीट बसविलेले नसतील, बेअरिंगमध्ये धूळ शिरली असेल, तर तो ०·०३ पर्यंत चढतो. आपल्या वाहकात तसे झाले तर एकूण ओढ सुमारे २० टक्क्यांनी वाढेल, कारण ओढीचा मोठा भाग चढाचा असून तो बदलत नाही. हाच वाहक सपाट असता तर मात्र वाढ सुमारे ४५ टक्के झाली असती. म्हणून चढाच्या वाहकात उंचीचे मोजमाप, आणि सपाट व लांब वाहकात हा गुणांक, अधिक काळजीने ठरविला पाहिजे.

येथवरचे गणित सरळ आहे. पुष्कळ विद्यार्थी येथेच थांबतात.

चालक पुलीवरील पकड

७७ किलोन्यूटनची ही ओढ पुलीने पट्ट्याला द्यावयाची आहे. पुलीकडे येणाऱ्या, माल वाहणाऱ्या बाजूचा ताण त१ आणि पुलीवरून सुटणाऱ्या, परतीच्या बाजूचा ताण त२ मानू. या दोहोंतील अंतर म्हणजे ओढ. अंतर तेवढेच राखून त१ व त२ कितीही लहान घेता येतील काय? तसे येत नाहीत. ऑयलर व आयटेलवाइन यांच्या नावांनी प्रसिद्ध असलेला नियम असे सांगतो की, पट्टा घसरू नये यासाठी त१ भागिले त२ हे गुणोत्तर एका मर्यादेपलीकडे जाता कामा नये. आणि ही मर्यादा म्हणजे नैसर्गिक लघुगणकांचा पाया २·७१८ याचा, घर्षणांक व वेष्टनकोन यांच्या गुणाकाराइतका घात होय. वेष्टनकोन म्हणजे पट्टा पुलीच्या जेवढ्या कोनाला लपेटलेला असतो तो कोन, रेडियनमध्ये मोजलेला.

या नियमाचा अर्थ नीट समजून घेणे अगत्याचे आहे. पुली पट्ट्याला ओढू शकते ती सुटणाऱ्या बाजूला काही ताण असेल तरच. त२ शून्य असेल तर मोटार कितीही मोठी घेतली तरी पुली नुसती फिरत राहील. आडाला रहाट चालवितानाही दोराच्या मोकळ्या टोकाला हाताने धरून ठेवावे लागते. ते टोक सोडले की दोर सरकतो. येथेही तोच न्याय आहे. मोकळ्या बाजूचा ताण काम करीत नाही, पण त्याच्यावाचून काम होतही नाही.

आपल्या वाहकात पुलीवर रबराचे आवरण, ज्यास कारखान्यात लॅगिंग म्हणतात, चढविले आहे असे समजून घर्षणांक ०·३० घेऊ. लहानशी स्नब पुली लावून वेष्टनकोन २१० अंश केला तर गुणोत्तराची मर्यादा बरोबर ३ येते. तेव्हा त२ निदान ३८·५ किलोन्यूटन आणि त१ ११५·५ किलोन्यूटन पाहिजे. आता लॅगिंग व स्नब पुली ही दोन्ही काटकसरीसाठी वगळून पाहू. उघड्या पोलादाचा, ओलावा असताना, घर्षणांक ०·१५ आणि वेष्टनकोन १८० अंश घेतला तर मर्यादा फक्त १·६ येते. त२ १२८ आणि त१ २०५ किलोन्यूटन होतात. माल तोच, वेग तोच, मोटारीची शक्ती तीच. परंतु पट्टा मात्र पावणेदोनपट बळकट घ्यावा लागेल. पुलीवरील थोड्या रबराच्या बचतीची किंमत दीड किलोमीटरहून अधिक लांबीच्या पट्ट्यावर मोजावी लागते. शक्तीच्या हिशेबात हा भेद कोठेही दिसत नाही. तो केवळ ताणाच्या हिशेबात दिसतो.

सुरुवात, झोळ आणि टेक-अप

वरील ताण एकसारख्या चालत्या वाहकाचे झाले. भारलेला पट्टा स्थिर अवस्थेतून हलवावयाचा असतो तेव्हा ओढ वाढते. फ्लुइड कपलिंग किंवा तत्सम साधन वापरून ही वाढ १·४ पटींत राखता आली असे धरले, तर सुरुवातीची ओढ १०८ किलोन्यूटन होईल, आणि त्या क्षणी घसरण होऊ नये म्हणून त२ ५४ किलोन्यूटन ठेवावा लागेल. मग चालताना त१ १३१ किलोन्यूटन, म्हणजे पट्ट्याच्या रुंदीच्या प्रत्येक मिलिमीटरवर सुमारे १०९ न्यूटन होतो. जोड, वाकणे व थकवा यांचा विचार करून कापडी गाभ्याच्या पट्ट्यास सुरक्षा गुणांक ९ घेतल्यास, मिलिमीटरला १००० न्यूटन सहन करणारा पट्टा निवडावा लागतो. पट्ट्याची जात सुरुवातीच्या काही सेकंदांनी ठरविली हे येथे दिसून येईल. मोटार एकदम पूर्ण दाबाने सोडली असती तर हाच पट्टा अपुरा पडला असता.

ताणाची दुसरी कसोटी झोळाची आहे. दोन रोलरांमध्ये भारलेल्या पट्ट्याला झोळ पडतो; तो रोलरांतील अंतराच्या एका टक्क्याच्या आसपास राखावा, असा सर्वसाधारण नियम आहे. झोळ वाढला की माल प्रत्येक रोलरवर उसळतो, सांडतो आणि ओढही वाढते. रोलर १·२ मीटर अंतरावर असता एक टक्का झोळासाठी सुमारे १९ किलोन्यूटन ताण पुरतो. माल वाहणाऱ्या बाजूचा सर्वांत कमी ताण शेवटच्या पुलीपाशी, जेथे माल पडतो तेथे, असतो; आपल्या वाहकात तो सुमारे ५१ किलोन्यूटन भरतो. म्हणजे येथे झोळाची अट आपोआप सांभाळली जाते व पकडीची अट निर्णायक ठरते. आखूड व सपाट वाहकांत ओढ लहान असल्याने पुष्कळदा याच्या उलट घडते. दोन्ही अटी तपासून जी अधिक ताण मागेल ती स्वीकारावी.

हा ५४ किलोन्यूटन ताण टिकवावयाचा कसा? पट्टा वापराने लांबतो. कापडी गाभ्याच्या पट्ट्यासाठी टेक-अपला वाहकाच्या लांबीच्या एक ते दोन टक्के सरकण्यास जागा ठेवावी लागते, म्हणजे आपल्या वाहकात ८ ते १६ मीटर. स्क्रूने ताणण्याची व्यवस्था एवढे अंतर सांभाळू शकत नाही. शिवाय पट्टा लांबला की तिचा ताण उतरतो आणि कोणी लक्ष देईपर्यंत तो उतरलेलाच राहतो. म्हणून चालक पुलीच्या लगत, मोकळ्या बाजूवर, वजन टांगलेली टेक-अप पुली बसवितात. पट्ट्याच्या दोन पदरांवर वजन पडत असल्याने येथे सुमारे १०८ किलोन्यूटन, म्हणजे ११ टनांचे काउंटरवेट लागेल. पट्टा लांबला तरी वजन खाली सरकते आणि ताण तोच राहतो. काउंटरवेटमधील वजन कमी करून पट्ट्याचे आयुष्य वाढविण्याचा मोह काही ठिकाणी होतो. परंतु तसे करणारा पकडीच्या अटीवरच घाव घालीत असतो.

वीज गेली असता चढाच्या वाहकावरील माल पट्ट्याला मागे ओढतो. चढाची ओढ ४३·६ किलोन्यूटन, आणि तिला अडविणारा चालन-विरोध त्याहून बराच कमी. अशा वाहकास उलट फिरण्यापासून रोखणारे होल्डबॅक नसेल तर शेकडो मीटर पट्ट्यावरील सारा कोळसा शेवटच्या पुलीपाशी येऊन ओतला जाईल. तेथे काम करणाऱ्या माणसांच्या जिवावर बेतणारा हा प्रसंग असतो. म्हणून होल्डबॅक ही ऐच्छिक वस्तू समजू नये.

फार लांब वाहकांत आणखी एक प्रश्न उद्भवतो. ताणातील बदल पट्ट्यातून तत्काळ सर्वत्र पोहोचत नाही. तो सेकंदाला साधारण एक ते दोन हजार मीटर वेगाने लाटेप्रमाणे जातो. ८०० मीटरच्या वाहकात ही बाब दुर्लक्षणीय आहे. १७ किलोमीटरच्या वाहकात मात्र मोटार थांबल्याची वार्ता दुसऱ्या टोकाला कित्येक सेकंदांनी पोहोचते, आणि तोवर ते टोक चालतच असते. अशा वाहकांसाठी स्थितिशास्त्राचे गणित अपुरे पडते व पट्टा लवचिक मानून गतिशास्त्रीय विश्लेषण करावे लागते.

पकड सुटते तेव्हा

आता आपल्याच वाहकात पकड सुटली तर काय होईल, हे पाहू. काही वर्षांच्या वापराने लॅगिंग गुळगुळीत झाले आहे, पाऊस चालू आहे, ओल्या कोळशाचा चिखल पुलीवर बसला आहे, आणि घर्षणांक ०·३० वरून ०·२० वर आला आहे. गुणोत्तराची मर्यादा आता २·०८ होते. काउंटरवेटने त२ ५४ किलोन्यूटनवर धरून ठेवलेला असल्याने पुली जास्तीत जास्त ५८ किलोन्यूटन ओढ देऊ शकते. पूर्ण भारास लागतात ७७. परिणामी पट्टा मंदावतो व थांबतो; पुली मात्र त्याच्याखाली फिरत राहते.

या वेळी नियंत्रणकक्षातील अ‍ॅमीटर काय दाखवील? पुलीवर ५८ किलोन्यूटनचा विरोध आणि वेग २·५ मीटर, म्हणजे सुमारे १४६ किलोवॉट. मोटारीवर सुमारे १६०. नेहमीच्या २१० किलोवॉटहून हा भार कमी आहे. मोटारीचा संरक्षक रिले अतिभार ओळखतो. येथे अतिभार नाहीच, म्हणून तो स्वस्थ राहतो. पाहणाऱ्यास वाटावे की वाहक आज हलका चालला आहे. प्रत्यक्षात १४६ किलोवॉट शक्ती संपूर्णपणे उष्णतेत रूपांतरित होऊन पुलीवर आणि पट्ट्याच्या एकाच, जागीच थांबलेल्या तुकड्यावर ओतली जात आहे. दोन किलोवॉटच्या सत्तरांहून अधिक विद्युत् शेगड्या एका पुलीखाली पेटविल्याप्रमाणे हे झाले. रबर व कोळशाची धूळ यांच्या सान्निध्यात याचा शेवट काय होणार, हे सांगावयास नको.

यातून अभिकल्पाचा एक नियम निघतो. पट्टा चालतो की नाही हे मोटारीला विचारून कळत नाही. पट्ट्यालाच विचारावे लागते. म्हणून पट्ट्यामुळे फिरणाऱ्या, मोटारीला न जोडलेल्या पुलीवर वेग मोजणारा स्विच बसवितात, आणि तो वेग ठरीव मर्यादेखाली गेला की मोटार आपोआप बंद होते. कारखान्यात यास झिरो स्पीड स्विच म्हणतात. तो चालक पुलीवर बसविल्यास निरुपयोगी होतो, कारण ती तर फिरतच असते. पट्टा बाजूला सरकल्याचे सांगणारे स्विच, चूट तुंबल्याचे सांगणारे स्विच आणि वाहकाच्या कडेने ओढलेली पुल कॉर्ड ही त्याची भावंडे होत. ही सर्व साधने मूळ यंत्राला नंतर जोडावयाची उपांगे नसून अभिकल्पाच्या पहिल्याच आराखड्यात त्यांना स्थान पाहिजे.

मालबदलाची जागा

एका पट्ट्यावरून दुसऱ्या पट्ट्यावर माल जेथे पडतो ती जागा बहुतेक त्रासांचे उगमस्थान असते. माल उंचावरून पडला तर पट्ट्याला आघात होतो. पट्ट्याच्या दिशेने वेग न घेता पडला तर तो वेग येईपर्यंत रबर घासले जाते. मध्यभागी न पडता एका बाजूला पडला तर पट्टा दुसऱ्या बाजूला सरकतो व कडा चौकटीवर घासू लागते. पावसाळ्यातील चिकट कोळसा चूटच्या कोपऱ्यांत बसतो व चूट तुंबते. चूटचा उतार, पडण्याची उंची आणि प्रवाहाची दिशा यांचा विचार ड्रॉइंगच्या शेवटी उरलेल्या जागेत बसविण्याचा नाही. या जागेसाठीच वाहकांची मांडणी गरज पडल्यास बदलावी.

क्रेसवेल येथे दुर्घटना घडली ती अशाच जागी. फाटलेल्या पट्ट्याचा गुंडाळला गेलेला भाग मालबदलाच्या चूटमध्ये अडकला आणि चालता पट्टा त्यावर घासत राहिला. घर्षणाने रबर तापले, पेटले, आणि पट्ट्यानेच आग पुढे नेली. खाणीत शिरणारी हवा आगीवरून जात असल्याने कार्बन मोनॉक्साइड वायू आत काम करणाऱ्या माणसांपर्यंत पोहोचला. या घटनेनंतर ब्रिटनमधील खाणींत सहजी न पेटणारे, पी. व्ही. सी. चे पट्टे वापरात आणले गेले, आणि भूमिगत पट्ट्यांची अग्निरोधकता हा जगभर कसोटीचा विषय झाला.

पट्ट्याची जात बदलल्याने धोका कमी झाला, नष्ट झाला नाही. १९ जानेवारी २००६ रोजी अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात अराकोमा येथील कोळशाच्या खाणीत, सरळ रेषेत न चालणारा पट्टा घासत राहून आग लागली व दोन कामगार मरण पावले. क्रेसवेलनंतर पंचावन्न वर्षे लोटली होती. कारण मात्र मूलतः तेच होते. अग्निरोधक पट्टा आगीचा प्रसार आवरतो; घर्षण जेथे नको तेथे उत्पन्न होऊ न देणे हे काम अभिकल्पाचे व देखभालीचे आहे.

समारोप

सारांश असा की, पट्टावाहकाचा अभिकल्प म्हणजे घर्षणाची जागा ठरवून देणे होय. रोलरवर ते शक्य तितके कमी, चालक पुलीवर भरपूर, आणि इतरत्र कोठेही नाही, अशी त्याची मांडणी असते. ताण हा या मांडणीचा हिशेब ठेवणारा आकडा आहे. आपल्या उदाहरणात शक्तीचा आकडा एकच निघाला. पण लॅगिंग, वेष्टनकोन, सुरुवातीचा गुणक आणि काउंटरवेट यांच्या निवडीप्रमाणे पट्ट्यावरील ताण कितीतरी बदलला, आणि पकड सुटल्यावर शक्तीचा आकडा तर पाहणाऱ्यास फसविणाराच ठरला.

आज संगणकाच्या साहाय्याने हे सर्व गणित काही क्षणांत होते, आणि ते इष्टच आहे. तथापि संगणकाला घर्षणांक पुरवावा लागतो, तो स्वतः पुली पाहून येत नाही. विद्यार्थ्यांनी एखाद्या विद्युत्केंद्राचा कोळसाविभाग पावसाळ्यात एकदा अवश्य पाहावा : चालक पुलीवरील लॅगिंगला हात लावून पाहावा, अर्थात वाहक रीतसर बंद करून व त्याची वीज तोडूनच, काउंटरवेट किती खाली आले आहे ते पाहावे, आणि झिरो स्पीड स्विच कोणत्या पुलीवर बसविला आहे याची चौकशी करावी. ०·३० हा आकडा गणितात लिहिताना कोणत्या पुलीविषयी व कोणत्या ऋतूविषयी आपण बोलत आहोत, हे त्यानंतर त्यांच्या ध्यानातून जाणार नाही.